मोटेपासून सूर्यपंपापर्यंत

आपल्या गावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द लागतो, त्याचे परगावच्या पाहुण्यांस फार नवल वाटते. धामणगाव गढी निराळे आणि आपले धामणगाव रेल्वे निराळे, हे पत्रावर लिहिले नाही तर पत्र भलतीकडे जाते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची लाईन १८६७ साली नागपुरास पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाऊ लागला. आमच्या गावाचा इतिहास सांगणारे सर्व लोक येथून सुरुवात करतात आणि मग जिनिंग-प्रेसिंग, कापसाचा बाजार, यवतमाळकडे जाणारी सडक असे सांगत जातात. ते खरेच आहे. परंतु वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणीही लागे, जिनातल्या मजुराला व त्याच्या बायकोलाही लागे, त्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. आपल्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी ‘गावचा इतिहास’ लिहा असे सांगितले. मी सातवी शिकलेली बाई. राजे आणि लढाया यांविषयी जाणकार मंडळी लिहितील. मी पाण्याविषयी, आणि ते वर काढणाऱ्या शक्तीविषयी लिहिते. बैल, विजेची लाईन आणि आता सूर्य अशी ही शक्ती तीन वेळा बदलली आहे, आणि प्रत्येक वेळी बायकांच्या कामाचे तास बदलले आहेत.

आधी मोट. आपल्यातील वयस्कर भगिनींनी ती पाहिली आहे, मी केवळ ऐकली आहे. कातड्याची मोठी पिशवी, तिला नाडा, नाडा बैलांच्या मानेला. बैल धावेवरून उतरत गेले की मोट वर येई व थारोळ्यात रिकामी होई. मग बैलांना पाठमोरे मागे आणावयाचे. माझ्या आजेसासूबाई सांगत की पहाटे मोट सुरू झाली म्हणजे चाकाच्या कुरकुरीवरूनच कोणाची विहीर चालू आहे ते घरात बसून कळे. घरच्या पाण्यासाठी मात्र बैल कोणी देत नसे. तेथे रहाट व पोहरा, आणि ओढणारी बाई. त्यांच्या दोन्ही तळहातांना मी पाहिले तेव्हाही घट्टे होते, जरी दोर सोडून त्यांना तीस वर्षे झाली होती.

मध्यंतरी तेलाची इंजिने आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपल्या शेतकऱ्यांना लोखंडी नांगरामुळे ठाऊक झाले. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली आणि पुढे त्या घराण्याचे पंप व इंजिने खेडोपाडी गेली. त्याच घराण्याने १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढले, हे येथे मुद्दाम लिहिते. शेताला पंप आणि बाईला वाचावयास मासिक एकाच ठिकाणाहून मिळावे हा योग काही लहान नव्हे. असो.

वीज अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत खासगी कंपन्यांकडून आधीच आली होती. खेड्यात ती यावयास महाराष्ट्र राज्य व्हावे लागले. १ मे १९६० ला राज्य झाले व त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. अकोला जिल्ह्यात पारस येथे १९६१ साली वीजकेंद्र सुरू झाले. मग वावरावावरातून खांब उभे राहिले. आमचे वावर मंगरूळ दस्तगीरच्या बाजूला आहे. तेथल्या विहिरीवर मामंजींनी मोटार बसविली तेव्हा सासूबाईंनी मोटारीची नारळ फोडून पूजा केली होती. बैल सुटले. ओलीत वाढले. पूर्वी पऱ्हाटी व तूर एवढेच पावसावर घेणारे लोक गहू-हरभरा घेऊ लागले. विजेने आपल्या भागाचे भले केले नाही असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही.

आता बोअरची गोष्ट. आपल्या पायाखाली काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. या पाषाणात पाणी सर्वत्र नसते. जेथे भेगा किंवा सच्छिद्र थर असतील तेथेच ते साठते. हाताने विहीर खणणारा माणूस पाषाणाला लागला की थांबतो. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उथळ विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा हवेच्या दाबाने हातोडा मारीत पाषाण फोडणारी यंत्रे कामाला लागली आणि सहा इंची भोके दोन-दोनशे फूट खाली जाऊ लागली. पण भोक पाडणे हे निम्मे काम. इतक्या अरुंद भोकात पोहरा जात नाही. पाणी काढावयाचे कशाने?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले, ही गोष्ट मला फार आवडते. जालना येथे मिशनच्या लोकांनी दुष्काळी गावांत बोअर खोदण्याचे काम चालविले होते. सुरुवातीस जे हातपंप बसविले जात ते बिडाचे, परदेशातील नमुन्यावरून केलेले. एका घराने दिवसातून दहा-वीस वेळा दांडा मारावा असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे एका पंपावर अख्खे गाव. पहाटे चारला पहिली गुंड लागते आणि रात्री दहाला शेवटची. बीड ते किती सोसणार? पंप काही आठवड्यांत मोडत आणि एवढ्या खर्चाने खोदलेला बोअर निरुपयोगी होऊन पडे. जालन्याच्या लोकांनी वरचा भाग पोलादाचा केला व दांड्याची रचना बदलली. त्याच्या पुढची सुधारणा सोलापुरात झाली. तेथील ऑस्कर कार्लसन या स्वीडिश गृहस्थांनी साखळी व बंद बेअरिंग वापरून अधिक टिकाऊ पंप तयार केला. पुढे युनिसेफने हा सोलापुरी पंप आधाराला घेऊन १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप सिद्ध केला. तीच आपली हापशी. भारतभर तर ती गेलीच, आफ्रिकेतही गेली. मिनिटाला चाळीसदा दांडा मारला तर सुमारे बारा लिटर पाणी येते. अडीचशे माणसांमागे एक हापशी आणि माणशी दिवसाला चाळीस लिटर असा सरकारी हिशेब होता. तो कागदावर बरोबर दिसतो. पण गुणाकार करून पाहिला तर दहा हजार लिटर होतात आणि दांडा चौदा तास थांबता कामा नये असे निघते! तो दांडा कोण मारी, हे सांगावयास नको.

आमच्या वस्तीतही अशी हापशी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी तिच्याभोवती गुंडांची रांग असे. भांडणे होत, पण नव्या सुनेला गाव तेथेच कळे. पुढे वस्तीने वर्गणी काढून त्याच बोअरमध्ये एक अश्वशक्तीची पाण्यातली मोटार सोडली व प्लास्टिकची टाकी बसविली. हापशीचे डोके काढून भंगारात दिले. बायका आनंदल्या, मीही आनंदले. आता पाणी आपोआप टाकीत येणार होते.

परंतु आता पाणी लाईनच्या हाती गेले. २००५ पासून पुढे काही वर्षे महाराष्ट्रात विजेचा तुटवडा फार झाला, ते आपण सर्वांनी भोगले आहे. त्याच वर्षी विद्युत मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. गावठाणाची लाईन व शेतीची लाईन वेगळी करण्याची कामे निघाली. शेतीपंपांना आठवड्याच्या पाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज, असा क्रम पडला. रात्रीची पाळी म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला समजणार नाही. पौषाच्या थंडीत रात्री बारा वाजता लाईन येणार, तेव्हा माणसाने वावरात जाऊन पाणी फोडावयाचे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे, पायाखाली चिखल. लाईन कधी येईल ते नक्की नाही म्हणून लोकांनी आपोआप सुरू होणारी बटणे बसविली. लाईन येताच सगळ्या मोटारी एका क्षणी चालू होत, डीपीवर ताण पडे आणि डीपी जळे. जळाली की पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. दाब कमी असला की मोटारीचे वाइंडिंग जळे.

२०११ साली हरभऱ्याच्या ओलिताला माझे धाकटे दीर रात्री गेले असता त्यांना साप चावला. दवाखान्यात वेळेवर पोहोचले म्हणून आज आहेत. माझी जाऊ त्या वेळी पाच महिन्यांची गरोदर होती. त्यानंतर कितीतरी वर्षे ते रात्री वावरात गेले की ती अंथरुणावर न पडता ओट्यावर बसून राही. शेतीला वीज किती लागते याचे आकडे सरकारजवळ असतात. त्या बसून राहण्याचा आकडा कोठे नसतो.

आता सूर्याकडे वळते. सूर्याने पाणी उपसणे ही कालपरवाची कल्पना असेल असे मला वाटत होते. माझ्या मुलीने मोबाईलवर शोधून वाचून दाखविले तेव्हा कळले की आपल्या मुंबईतच ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी घडली आहे. विल्यम ॲडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईस सरकारी नोकरीत उपनिबंधक होते. त्यांनी १८७६ ते १८७८ च्या दरम्यान कुलाब्यास आपल्या बंगल्याच्या आवारात साध्या सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी केली. सगळ्या आरशांचे ऊन एका बंबावर पाडून वाफ केली, आणि त्या वाफेवर सुमारे अडीच अश्वशक्तीचा पंप चालविला. बडे लोक तो पाहावयास आले. १८७८ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. उष्ण देशात सर्पणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९१३ साली इजिप्तमध्ये कैरोजवळ फ्रँक शुमन या अमेरिकनाने लांबलचक आरशांच्या पन्हळी उभारून नाईल नदीचे पाणी शेतात चढविले. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि त्यानंतर तेल स्वस्त झाल्याने ही विद्या मागे पडली.

आज आपण जी निळी-काळी पटले पाहतो त्यांत वाफ नाही. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा असा तुकडा तयार झाला की त्यावर ऊन पडताच सरळ वीज निघते. आधी ती पटले उपग्रहांवर गेली, कारण किंमतच तशी होती. पाण्यासाठी ती प्रथम नेटाने वापरली गेली ती दुष्काळानेच. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला त्याच सुमारास आफ्रिकेतील माली देशातही भयंकर अवर्षण होते. तेथे वेर्स्पिरेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने बोअर खोदले आणि १९७७ साली त्यांवर सूर्याचा पंप बसविण्यास आरंभ केला. खेडे निराळे, भाषा निराळी, परंतु डोक्यावर पाणी वाहणारी बाई तीच.

आपल्या राज्यात पिण्याच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेने जी दुहेरी पंप योजना काढली ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. एकाच बोअरमध्ये हापशीही राहते आणि सूर्यावर चालणारी एक अश्वशक्तीची मोटारही. जवळ उंच मांडणीवर पाच हजार लिटरची टाकी. ऊन असले की टाकी भरते. आभाळ आले किंवा मोटार बिघडली की दांडा मारून पाणी काढावयाचे. लाईन नाही, बिल नाही. जेथे खांब पोहोचविणेच कठीण अशा आपल्या मेळघाटासारख्या डोंगरी पाड्यांना तिचा फार उपयोग झाला.

शेतीसाठी २०१५ च्या सुमारास अटल सौर कृषिपंप योजना आली, मग २०१८ अखेरीस एक लाख पंपांची मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना, २०१९ साली केंद्राची कुसुम योजना, आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने विसावा. २०२४ च्या योजनेत अडीच एकरापर्यंत तीन, पाच एकरापर्यंत पाच व त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असे प्रमाण आहे. जुनी वीजजोडणी ज्याच्याकडे आहे त्याला मात्र हे पंप मिळत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग, म्हणजे गावाजवळ सूर्याचे मोठे केंद्र उभारून तीच वीज शेतीच्या लाईनवर दिवसा सोडावयाची. त्याचा पहिला प्रयोग ज्या दोन ठिकाणी ठरला त्यांत राळेगणसिद्धी आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे होती.

आमच्या वावराच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर व मीटर आमच्या वाट्यास आले आणि बोअर दिरांच्या वाट्यास. तोपर्यंत तो बोअर आमच्याच मीटरवरून वायर टाकून चालत असे. दिरांच्या नावे जोडणी नव्हती, म्हणून त्यांनी अर्ज केला आणि २०२१ साली त्यांच्या बोअरवर तीन अश्वशक्तीचा सूर्यपंप बसला. त्यामुळे धुऱ्याच्या एका बाजूस लाईन आणि दुसऱ्या बाजूस सूर्य, असे आम्हाला रोज समोरासमोर पाहावयास मिळते.

जे पाहिले ते लिहिते. तीन अश्वशक्तीला सुमारे तीन हजार वॅटची पटले लागतात आणि ती दक्षिणेकडे तोंड करून कलती बसवितात. सकाळी नऊच्या आधी पाणी बारीक येते, दुपारी जोर धरते, चारनंतर पुन्हा बारीक होते. लाईनच्या पाण्यासारखी एकसारखी धार नाही, म्हणून सुरुवातीस दीर नाराज होते. आषाढ-श्रावणात आभाळ असले की पंप रुसतो, पण तेव्हा ओलिताची गरजही कमी. हरभऱ्या-गव्हाच्या वेळी आकाश स्वच्छ असते. तूर काढणीच्या दिवसांत पटलांवर भुसा बसतो, तो धुतला नाही तर पाणी कमी होते हे जावेच्या ध्यानात आधी आले. आता पंप तीच चालविते. पूर्वी स्टार्टरच्या डब्याजवळ बायकांना कोणी जाऊ देत नसे, कारण झटका बसण्याचे भय. हिचे बटण साधे आहे. तरी ओल्या हाताने लावू नये, पटलांमधूनही चांगला झटका बसतो हे तिला बसविणाऱ्या मुलाने बजावून सांगितले आहे. आणि ती आता रात्री झोपते.

दोषही आहेत. दुसऱ्या वर्षी त्या पंपाची नियंत्रणाची पेटी बिघडली, तेव्हा दुरुस्तीचा माणूस यावयास बावीस दिवस लागले. पाच वर्षांची हमी कागदावर होती, पण माणूस दूरच्या शहरात. ऐन फुलोऱ्यात आलेले पीक आमच्या विहिरीच्या लाईनवरून पाणी देऊन वाचविले. म्हणजे ज्या लाईनला आम्ही नावे ठेवतो तीच त्या वेळी कामाला आली. गारपीट झाली की दिरांचा जीव पिकाआधी पटलांत अडकतो.

आणि एक मोठी काळजी आहे, ती मी घरात बोलून दाखविते तेव्हा पुरुषमंडळी हसतात. लाईनचे पाणी बिलाच्या आणि तासांच्या धाकाने थांबत असे. सूर्याच्या पाण्याला धाक कोणाचा? दीर पूर्वी बटण बंद करण्यास धावत. आता भिजून झाले तरी पाणी सरीत वाहात राहते. आपल्याच जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे संत्र्यासाठी किती उपसा झाला आणि बोअर किती खोल गेले ते सर्वांस ठाऊक आहे. तो उपसा सूर्याने नव्हे, लाईननेच झाला, हे खरे. पण फुकट शक्तीने तो कमी होईल असे मला वाटत नाही. पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर नको असा कायदा १९९३ साली झाला होता. शेतीसाठी साठ मीटरहून खोल जाऊ नये हे २००९ च्या कायद्यात आहे. बोअरच्या गाडीवाल्याला ते कोणी विचारीत नाही. आडात नसले तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण मोटेच्या काळची असली तरी तिच्या जागी नवी म्हण कोणी केलेली नाही.

आता आपल्या वस्तीच्या बोअरविषयी. गेल्या उन्हाळ्यात सात घरांची वर्गणी थकली, बिल थकले आणि लाईन कापली गेली. अकरा दिवस मे महिन्यात आपण दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणले. ज्यांनी वर्गणी वेळेवर दिली त्यांनीही आणले. हापशीचे डोके आपण भंगारात दिले होते, नाही तर दांडा तरी मारता आला असता. त्यानंतर या बोअरवर सूर्यपंप बसवावा असा विचार मंडळात निघाला आहे. एक अश्वशक्तीचे काम असल्याने खर्च आवाक्याबाहेरचा नाही. जुनी मोटार एका फेजवरची असल्यामुळे ती बहुधा बदलावी लागेल. ऊन चांगले असेल तर दोन-तीन तासांत पाच हजार लिटर टाकी भरेल, एवढे पंप दुरुस्त करणाऱ्याने सांगितले.

माझे मत असे. बोअरच्या तोंडावर हापशी पुन्हा बसवावी, मगच पटलांचा विचार करावा. बिल गेले म्हणून वर्गणी बंद करू नये, घरटी महिना वीस रुपये चालूच ठेवून ते पोस्टात टाकावे, कारण पेटी बिघडणार आहे हे आम्ही वावरात पाहिले आहे. टाकी भरली की पंप आपोआप थांबेल असा तरंगता गोळा टाकीत हवाच. आणि पटले धुण्याची पाळी घरोघर लावावी, त्यांत पुरुषांचीही नावे असावीत. चैत्रातल्या बैठकीत हा विषय निघेल तेव्हा बोअरच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहावयाची तेही ठरवून घ्यावे. सध्या ती ज्यांच्याकडे आहे त्यांचे घर दिवाळीपासून बंद आहे.